अपिलाची बखर

कल्याण-डोंबिवलीचा माणूस पहिला निकाल कधी मान्य करत नाही. सोसायटीच्या वार्षिक सभेत पार्किंगचा ठराव बहुमताने संमत झाला, की चहा-वेफर्स उरकायच्या आत कोणीतरी उपनिबंधकांच्या नावे अर्ज लिहायला घेतलेला असतो. मुलाला गणितात गुण कमी पडले की फेरतपासणी. रांगोळी स्पर्धेत उत्तेजनार्थ मिळालं की परीक्षकांना फोन. स्टेशनात इंडिकेटरवर गाडी पाच नंबरला दाखवत असली, तरी जाणती माणसं पुलाच्या मध्यावरच थांबतात. घोषणा होऊन निकाल फिरेल ही शक्यता शेवटच्या क्षणापर्यंत धरलेली असते, आणि पुष्कळदा तो फिरतोही.

अशा मुलखात हायकोर्टाचा, त्यातही त्याच्या अपील शाखेचा इतिहास लिहून घ्यायची टूम निघाली नसती तरच नवल. निघाली ती सकाळच्या फास्ट लोकलच्या लेडीज डब्यात, आणि काढली वकीलबाईंनी. वकीलबाई ठाण्याला चढतात. कल्याणहून भरून आलेल्या गाडीत ठाण्याला चढणं म्हणजे त्यांच्या मते अपील चालवण्यासारखंच आहे. पहिला टप्पा ॲडमिशनचा: आपल्या शिरण्यात काही तथ्य आहे, असं दारातल्या बायकांना पटवायचं. एकदा आत घेतलं, की फायनल हिअरिंग, म्हणजे बूड टेकायला जागा, कधी मिळेल ते कोणी सांगत नाही. सेकंड अपीलही असंच 'ॲडमिटेड' होऊन वर्षानुवर्षं दांडीला लटकत उभं असतं.

टूम निघायला कारण होतं. हायकोर्ट फोर्टातून हलणार आहे. वांद्रे पूर्वेला नवं संकुल बांधायचं ठरलं, २०२५च्या नोव्हेंबरात कोनशिलाही बसली. बाकी वकीलवर्गाला यात वास्तू, वारसा, दगडी कमानी वगैरे दिसलं. आमच्या डब्याला एकच गोष्ट दिसली: आता दादरला उतरून वेस्टर्नला गाडी बदलावी लागणार. "बदलायच्या आत जुन्याचं काहीतरी लिहून ठेवलं पाहिजे," वकीलबाई म्हणाल्या, आणि माझ्याकडे बघून पुढे म्हणाल्या, "ताई, तुम्ही दिवाळी अंकात लिहिता ना?"

"पण हायकोर्टाचा इतिहास आधी कोणी लिहिला नाही का?" शेजारच्या मटार सोलणाऱ्या काकूंनी विचारलं.

लिहिलाय की. शताब्दीच्या वर्षी, १९६२ मध्ये, पी. बी. वाच्छा यांचं मुंबईचे नामांकित न्यायाधीश, वकील आणि खटले यांवरचं पुस्तक आलं. इमारतीला सव्वाशे वर्षं झाली तेव्हा शारदा द्विवेदी आणि राहुल मेहरोत्रा यांनी इमारतीची गोष्ट लिहिली. दीडशे वर्षं भरली तेव्हा, २०१२ मध्ये, धनंजय चंद्रचूड, अनूप मोहता आणि रोशन दळवी या तिघा न्यायमूर्तींनी संपादित केलेला जाडजूड ग्रंथ निघाला. तो काढला महाराष्ट्र न्यायिक अकादमीने, आणि ही अकादमी भाईंदरजवळच्या उत्तनला, म्हणजे आमच्याच ठाणे जिल्ह्यात आहे. सगळे ग्रंथ इंग्रजीत. एकात मोठी माणसं, दुसऱ्यात मोठी इमारत, तिसऱ्यात मोठ्या माणसांनी मोठ्या माणसांविषयी लिहिलेलं. वाईट एकही नाही. फक्त तिन्हींत कोर्ट वरून दिसतं, न्यायासनाच्या उंचीवरून. खाली बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या माणसाला ते कसं दिसतं, हे कोणी लिहवून घेतलेलं नाही.

आणि बाकावरचा माणूस तर आमच्याकडचाच. मुलुंडचा टोलनाका ही आमच्या दृष्टीने कायद्याची सीमा आहे. नाक्याच्या पलीकडे, मुंबईत राहणाऱ्याच्या दाव्याची रक्कम पुरेशी मोठी असेल, तर तो थेट हायकोर्टाच्या ओरिजिनल साइडला जाऊ शकतो. नाक्याच्या अलीकडच्याला ती सोय नाही. रिट याचिकांचा सन्माननीय अपवाद सोडला, तर ठाणे-कल्याणच्या माणसाला हायकोर्टाची पायरी चढायची, तर आधी कुठेतरी कोणीतरी हरावं लागतं. आपण हरायचं किंवा समोरच्याला हरवायचं. अपील कोर्टात हेलपाटे घालणाऱ्या सगळ्या माणसांत मिळून एवढं एकच साम्य असतं, की त्यांच्या भांडणाचा निकाल एकदा लागून चुकलेला असतो.

पुस्तकासाठी समिती झाली. तिची पहिली सभा नौपाड्यात वकीलबाईंच्या घरी झाली. त्यांचे सासरे, आप्पा, कल्याण कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले. आप्पांना सभेला बोलावलेलं नव्हतं, पण घर त्यांचं होतं. वकीलबाईंनी प्रस्तावना सुरू केली: १८६२, लेटर्स पेटंट, सुप्रीम कोर्ट आणि सदर अदालती मोडून १४ ऑगस्टला हायकोर्ट सुरू, पहिले मुख्य न्यायाधीश सर मॅथ्यू सॉस. आप्पांनी तिथेच हात वर केला.

"तिथून सुरुवात केलीत तर मी आक्षेप नोंदवणार. अपील काय इंग्रजांनी आणलं?"

मग त्यांनी जुन्या न्यायाची जी हकिकत सांगितली, ती पुस्तकात घ्यायचीच असं माझ्यापुरतं मी ठरवून टाकलं. वतनाचा तंटा गोतसभेपुढे आला आणि निकालात निघाला, की हरणाऱ्याने जिंकणाऱ्याला येजितखत लिहून द्यायचं. मी खोटा ठरलो, यापुढे या वतनाशी मला कर्तव्य नाही, असं स्वतःच्या हाताने. जिंकणाऱ्याने सरकारात हरकी भरायची, हरणाऱ्याने गुन्हेगारी. म्हणजे पैसे दोघांनीही भरायचे. "हे कलम मात्र इंग्रजांनी, नंतर आपण, कोणीच बदललं नाही," आप्पा म्हणाले. आणि एवढं येजितखत लिहून दिल्यावरही माणूस गप्प बसायचा का? नाव नको. इथले पंच त्याच्या सोयऱ्यातले, म्हणून दुसरं थळ द्या. तिथे हरला की तिसरं. पैठणपर्यंत जायचे, छत्रपतींपर्यंत जायचे. मुलगा मोठा झाला, की बापाकडून येजितखत जबरदस्तीने घेतलं म्हणून पुन्हा पहिल्यापासून.

"म्हणजे आमच्या सोसायटीसारखंच," काकू म्हणाल्या.

लिहून घेण्याची रीतही आपल्याकडे जुनी. राजाराम महाराजांनी जिंजीत कृष्णाजी अनंत सभासदाला आज्ञा केली आणि थोरल्या महाराजांची बखर तयार झाली. मानधन, मुदत, शब्दमर्यादा, किती प्रती लेखकाला फुकट, यांतला एकही शब्द त्या बखरीत नाही. तो काळच वेगळा. उलट काहीजण न सांगताच लिहितात. आमच्या ठाण्याचे विनायक लक्ष्मण भावे मिठाचा व्यापार सांभाळून 'महाराष्ट्र सारस्वत' लिहून बसले. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मध्ये निघालं तेही त्यांच्याच खटपटीतून. मिठाचा व्यापारी जर सगळ्या मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहू शकतो, तर ताई, तुम्हाला एका कोर्टाचा लिहायला काय हरकत आहे, असा युक्तिवाद वकीलबाईंनी केला. माझ्याकडे मिठागर नाही, हे उत्तर मला घरी आल्यावर सुचलं.

इमारतीचं प्रकरण मात्र एकमताने मंजूर झालं, कारण त्यात आकडे आहेत आणि आकडे ऐकून सभेला जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं. १८७१च्या एप्रिलमध्ये काम सुरू, १८७८च्या नोव्हेंबरात पुरं. आराखडा कर्नल जे. ए. फुलर यांचा. मंजूर अंदाजपत्रक १६,४७,१९६ रुपयांचं. प्रत्यक्ष खर्च १६,४४,५२८ रुपये. म्हणजे सरकारी काम, तेही दगडी, आणि वर २,६६८ रुपये शिल्लक. वकीलबाईंनी हे वाचलं आणि खोलीत कोणी बोलेना. सभेत एक बाई महापालिकेच्या लेखा विभागातून निवृत्त झालेल्या होत्या. त्या सावकाश म्हणाल्या, "शिल्लक? मग सुधारित अंदाजपत्रक कशाच्या आधारावर काढलं असेल?" सुधारित काढलंच नव्हतं, हे त्यांना समजावण्यात चहा निवला. जुना पत्रीपूल पाडल्यावर नवा होईपर्यंत, २०१८चा नोव्हेंबर ते २०२१चा जानेवारी, कल्याणात अडकून बसलेल्या माणसांना असल्या गोष्टी एकदम सांगू नयेत.

त्या इमारतीवर दगडात कोरलेलं एक माकड आहे. हातात तराजू आणि एक डोळा झाकलेला. कोणा पोटकंत्राटदाराचं मुख्य कंत्राटदाराशी भांडण झालं, तो कोर्टात हरला आणि त्याने हे माकड कोरून ठेवलं, असं सांगतात. खरंखोटं इतिहासकारांनी ठरवावं. पण त्या इमारतीविषयी हरलेल्या पक्षकाराने नोंदवलेलं आणि अजून फेटाळलं न गेलेलं म्हणणं एवढं एकच, असं वकीलबाईंचं मत आहे. न्यायदेवतेचा फोटो काढायला येणारे शेवटी माकडाचा काढून जातात.

मग खटल्यांची निवड. टिळकांचा १९०८चा खटला हवाच, यावर वाद नव्हता. ज्या न्यायमूर्ती दावरांनी शिक्षा दिली तेच दावर १८९७च्या खटल्यात वकील म्हणून टिळकांना जामीन मिळवायला उभे होते, हे ऐकून काकूंनी मटार सोलायचे थांबवले. पण वकीलबाई म्हणाल्या, की तो खटला अपिलाचा नव्हे, तो सगळ्यांनी लिहिलाय. आपल्या पुस्तकाचा कणा रखमाबाई.

ही हकिकत त्यांनी गाडीत, मुलुंड ते भायखळा अशी, उभ्यानेच सांगितली. अकराव्या वर्षी लग्न झालेली मुलगी. नवरा दादाजी भिकाजी. ती सासरी नांदायला गेलीच नाही, आईच्या आणि सावत्र वडिलांच्या, डॉ. सखाराम अर्जुनांच्या घरी राहून शिकली. नवऱ्याने हायकोर्टात दावा लावला: बायको ताब्यात द्या. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी दावा फेटाळला. जी कधी नांदलीच नाही तिला बळजबरीने धाडणं त्यांना रानटीपणाचं वाटलं.

"जिंकली!" दारातून कोणीतरी ओरडलं.

"अजून घाटकोपर यायचंय," वकीलबाई म्हणाल्या.

दादाजी अपिलात गेले. १८८६ मध्ये मुख्य न्यायाधीश सार्जंट आणि न्यायमूर्ती बेली यांनी पिन्हेंचा निकाल फिरवला आणि प्रकरण पुन्हा ऐकायला परत पाठवलं. म्हणजे रिमांड. १८८७च्या मार्चमध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी सांगितलं: नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाईंनी तुरुंग चालेल म्हणून कळवलं. साऱ्या देशात, विलायतेतही गदारोळ झाला. शेवटी १८८८ मध्ये तडजोड: २,००० रुपये घेऊन दादाजींनी हक्क सोडला. रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या.

"आणि ते २,००० कोणी दिले?" काकूंचा प्रश्न.

"तिनेच."

"म्हणजे हरकीही तिची आणि गुन्हेगारीही तिचीच." काकू सभेला आलेल्या होत्या, हे मी विसरले होते. आप्पांचं सगळं व्याख्यान त्यांच्या लक्षात होतं.

यावरून डब्यात जी चर्चा पेटली ती मस्जिदपर्यंत पुरली. विषय असा, की आपण सगळ्या अपिलाकडे हरलेल्याचा आधार म्हणून बघतो, पण अपील जिंकलेल्यालाही हरवतं. रखमाबाई खाली जिंकल्या आणि वर हरल्या. त्यांचा इतिहास अपील कोर्टाच्या बाजूने लिहायचा की विरुद्ध? वकीलबाईंनी तोडगा काढला: दोन्ही बाजूंनी लिहायचं आणि निकाल राखून ठेवायचा. सुजाता मनोहर मुंबई हायकोर्टाच्या पहिल्या महिला न्यायमूर्ती झाल्या त्या १९७८ मध्ये, म्हणजे इमारत पुरी झाल्यावर बरोबर शंभर वर्षांनी. तोवर बाईला त्या वास्तूत बसायला मिळालं ते पक्षकाराच्या बाकावर, वकिलांच्या खुर्चीत किंवा दगडात, डोक्यावर. हेही घ्यायचं ठरलं.

आप्पांची मागणी वेगळीच. त्यांना इतिहास हवा होता बस्त्याचा. खालच्या कोर्टाचं रेकॉर्ड लाल फडक्यात बांधून ठेवतात, तो बस्ता. अपील दाखल झालं की वरून 'आर अँड पी', म्हणजे हेच रेकॉर्ड, मागवायचे, आणि कल्याणचा बस्ता ठाण्याला जायचा, ठाण्याचा फोर्टात. आप्पांनी हातांनी दाखवलं, गाठ कशी मारायची, पानांना नंबर कुठे घालायचा. निशाणी १ म्हणजे वादपत्र, निशाणी ५ म्हणजे मनाईचा अर्ज. कुठल्याही तालुक्यात कुठल्याही वकिलाला झोपेतून उठवून 'निशाणी पाच' म्हणा, तो स्टेच मागेल. "दावा निशाणी १ वर असतो, पण माणसं भांडतात निशाणी ५ वर," आप्पा म्हणाले. एक वाटपाचा दावा त्यांनी नोकरीला लागताना हाती घेतला होता. निवृत्तीच्या वेळी तो अपिलात होता. वादी एक होता तो वारला. मयत वादी क्रमांक १ तर्फे वारस १अ, १ब, १क, १ड. मग १ड वारला, तर १ड-१ ते १ड-५. बाराखडी संपत आली तशी आकड्यांना अक्षरं आणि अक्षरांना आकडे फुटत गेले. बस्ता मात्र तोच, फडकं तीनदा बदललं. आप्पांच्या बोलण्यात त्या बस्त्याविषयी जी माया होती ती सुनेविषयी मी कधी ऐकली नाही. सूनबाई तिथेच होत्या, त्यांनीही नोंद घेतली.

काकूंना पुस्तकात २७ गावं हवी होती, कारण त्या तिथेच राहतात. १९८३ मध्ये गावं कल्याण-डोंबिवली महापालिकेत आली. २००२ मध्ये बाहेर पडली. २०१५ मध्ये पुन्हा आत. २०२०च्या मार्चमध्ये त्यातली १८ पुन्हा बाहेर, आणि त्याच डिसेंबरात हायकोर्टाने ते बाहेर काढणं रद्द ठरवलं. "आम्ही घर बदललं नाही," काकू म्हणाल्या, "नुसता चहा करायला उठले तरी परत येईस्तोवर आम्ही कुठल्या हद्दीत ते विचारावं लागायचं." हे अपील नव्हे, रिट आहे, असं वकीलबाईंनी तांत्रिक हरकत म्हणून मांडलं. काकूंनी डबा बदलायची धमकी दिली. प्रकरण घेतलं.

मुदतीचा प्रश्न आला तेव्हा मी म्हटलं, वर्ष लागेल. समितीत कोणालाच हे गंभीर वाटलं नाही. हायकोर्टात अपील करायला ९० दिवस, जिल्हा कोर्टात ३० दिवस. पण विलंब माफीचा अर्ज नावाची एक दयाळू सोय कायद्यात आहे. उशिराचं पुरेसं कारण द्यावं लागतं, एवढंच. मध्य रेल्वेवर आयुष्य काढलेल्या माणसाला कारणांचा तुटवडा कधीच नसतो. दिव्याजवळ सिग्नल, ठाकुर्लीला पॉइंट, कुर्ल्याला पाणी. यातलं कुठलंही कारण सत्य म्हणून देता येतं आणि कोणीही उलटतपासणी घेत नाही, कारण न्यायाधीशांपासून पट्टेवाल्यापर्यंत कोणी ना कोणी त्याच गाडीत होतं.

अखेर करारपत्र तयार झालं. तीन वकिलांनी मिळून केलेलं, त्यामुळे पुस्तकापेक्षा ते लांब होण्याची भीती होती. मानधनाचा आकडा कोराच होता. तो 'मेहेरबान समितीस योग्य व न्याय्य वाटेल तो' असा भरायचा होता. लेखिकेने कोणाही विद्यमान न्यायमूर्तींविषयी काही लिहू नये, माजी न्यायमूर्तींविषयी चांगलं लिहावं, आणि पक्षकारांविषयी खरं लिहावं, असं एक कलम होतं. शेवटचं कलम मी दोनदा वाचलं. लेखनासंबंधी वाद उद्भवल्यास तो कल्याण न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात चालेल.

"आणि मी कल्याणला हरले तर?"

"जिल्हा कोर्टात अपील," वकीलबाई म्हणाल्या.

"तिथेही हरले तर?"

"सेकंड अपील, हायकोर्टात. पण १९७६ची दुरुस्ती झाल्यापासून कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न लागतो. तुमच्या व्याकरणात तो निघेल. पूर्वी तिथे एकट्या न्यायमूर्तींकडे हरल्यावरही त्याच इमारतीत दोघांकडे जाता यायचं, लेटर्स पेटंट अपिलात. सेकंड अपिलापुरतं तेही त्याच दुरुस्तीने बंद झालं. त्याहून पूर्वी, १९४९पर्यंत, लंडनला प्रिव्ही कौन्सिलही होतं. आता थेट दिल्ली."

"म्हणजे हायकोर्टाचा इतिहास बरोबर की चूक, हे हायकोर्टच ठरवणार?"

"मग काय कोपर पुलाखालचा पानवाला ठरवणार?"

"पण तोवर मी असेन का?"

यावर आप्पांनी करारपत्राचं शेवटचं पान पुढे सरकवलं. माझ्या सहीच्या जागेखाली त्यांनी पेन्सिलीने रेघा आखून ठेवल्या होत्या: १अ, १ब, १क. नाव, वय, धंदा, राहणार. मागाहून रेकॉर्डवर घ्यायला फार त्रास होतो, ते म्हणाले, आत्ताच देऊन ठेवा.

घरी येऊन मी जेवणाच्या टेबलावर ते भरायला बसले. १अ नवऱ्याचं नाव घातलं, १ब लेकीचं. लेक पाठीमागून वाचत होती.

"१अ बाबा का म्हणून? हे कोणी ठरवलं?"

मी म्हटलं, मी ठरवलं. तिने कागद उचलला आणि तडक आतल्या खोलीत आजीकडे गेली.